रोजगारविषयक सार्वजनिक माहितीचे मूल्यमापन : मोजमापाच्या निकषांची चिकित्सा
(विशेष संदर्भ : ठाणे व कल्याण-डोंबिवली)

सारांश

शासकीय खर्चाने गोळा होणारी व पुरविली जाणारी श्रमबाजाराची माहिती कितपत उपयोगी पडते, हे ठरविताना आपल्याकडे नोंदणी झालेल्या उमेदवारांची व नोकरी मिळालेल्यांची संख्या हेच निकष वापरले जातात. हे निकष माहितीचा परिणाम मोजत नाहीत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. माहितीचे मूल्य तिच्यामुळे बदललेल्या निर्णयात असते. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात राहण्याचे ठिकाण व कामाचे ठिकाण वेगवेगळ्या जिल्ह्यांत असल्यामुळे प्रचलित निकषांची मर्यादा अधिक स्पष्ट होते. या संदर्भात महाविद्यालयांच्या जबाबदारीचाही येथे विचार केला आहे.

बीजसंज्ञा : श्रमबाजाराची माहिती, सेवायोजन कार्यालय, मूल्यमापन, चालू नोंदवही, रोजगार मेळावा, ठाणे जिल्हा.

प्रस्तावना

बारावीचा निकाल लागला की महाविद्यालयातील प्रवेश-समुपदेशनाच्या टेबलासमोर विद्यार्थी व पालक येऊन बसतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : ‘सर, याला स्कोप आहे का?’ हा प्रश्न ऐकून ऐकून आपल्या अंगवळणी पडला आहे. कित्येकदा तो आपल्याला हास्यास्पदही वाटतो. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास ती श्रमबाजाराच्या माहितीची अत्यंत रास्त मागणी आहे. या अभ्यासक्रमानंतर कोणते काम मिळते, ते किती जणांना मिळते, कोठे मिळते, त्याचा पगार किती आणि ते टिकते का, एवढे सारे प्रश्न त्या एका ‘स्कोप’ शब्दात सामावलेले असतात.

या प्रश्नाला शिक्षक जे उत्तर देतात त्याचा आधार काय असतो? गेल्या वर्षी नोकरीला लागलेला एखादा हुशार विद्यार्थी, वर्तमानपत्रातील एखादी पुरवणी, नात्यातील कोणाचा अनुभव. प्रस्तुत लेखकानेही या टेबलावर बसून अशी उत्तरे दिली आहेत. त्यांपैकी किती उत्तरांमागे जिल्ह्याच्या रोजगाराची विश्वसनीय आकडेवारी होती, असे कोणी विचारल्यास प्रामाणिक उत्तर अडचणीचे ठरेल.

येथे एक विसंगती लक्षात येते. अशी माहिती गोळा करण्यासाठी आणि ती गरजूंपर्यंत पोहोचविण्यासाठी शासनाने गेली आठ दशके यंत्रणा चालविली आहे. कार्यालये आहेत, कायदा आहे, विवरणपत्रे आहेत, आता संकेतस्थळेही आहेत. तरीही ज्या टेबलावर निर्णय होतो तेथे ही माहिती आढळत नाही. मग या माहितीचा प्रभाव आपण कशाच्या आधारे ठरवितो? या प्रश्नाची चिकित्सा करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यवस्थेची पार्श्वभूमी

सार्वजनिक रोजगार-माहितीची आधुनिक कल्पना इंग्लंडमध्ये रुजली. तेथे १९०९ मध्ये श्रम विनिमय केंद्रांचा कायदा झाला व १९१० च्या फेब्रुवारीत पहिली केंद्रे उघडली. या योजनेचे प्रमुख पुरस्कर्ते विल्यम बेव्हरिज यांचा युक्तिवाद साधा होता. कामगाराने कारखान्यांच्या फाटकांवर पायपीट करून काम शोधणे हा वेळेचा अपव्यय आहे. मागणी व पुरवठा यांची वार्ता एका ठिकाणी मिळाली तर बेकारीचा काही भाग टळू शकेल.

भारतात जुलै १९४५ मध्ये, दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी केंद्रीय संचालनालय स्थापन झाले आणि सेवायोजन कार्यालयांचा विस्तार सुरू झाला. फाळणीनंतर निर्वासितांच्या रोजगाराचे कामही त्यांच्याकडे आले. १९५२ मध्ये नेमलेल्या शिवा राव समितीच्या शिफारशींनंतर १ नोव्हेंबर १९५६ पासून या कार्यालयांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे सोपविण्यात आला. पुढे १९५९ चा सेवायोजन कार्यालये (रिक्त पदांची सक्तीची अधिसूचना) कायदा १ मे १९६० पासून अमलात आला. सार्वजनिक क्षेत्रातील आस्थापनांनी, तसेच २५ किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांनी रिक्त पदे कळविणे आणि ठरावीक मुदतीने विवरणपत्रे भरणे या कायद्याने बंधनकारक केले. दर तिमाहीला भरावयाचे ई.आर.-१ आणि व्यवसायनिहाय तपशिलाचे द्वैवार्षिक ई.आर.-२ ही विवरणपत्रे म्हणजे ‘रोजगार बाजार माहिती’ कार्यक्रमाचा कणा होय.

महाराष्ट्रात जिल्हा पातळीवरील या कार्यालयांची नावे काळानुसार बदलत गेली. सेवायोजन कार्यालय, मग रोजगार व स्वयंरोजगार मार्गदर्शन केंद्र, आणि आता जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. केंद्र शासनाने जुलै २०१५ मध्ये राष्ट्रीय करिअर सेवा हे संकेतस्थळ सुरू केले. राज्याचे ‘महास्वयं’ त्यानंतर आले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ‘करिअर केंद्र’ ही संज्ञा आली व २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना रिक्त पदे कळविण्याच्या कक्षेत आणले गेले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्यावर १९५९ च्या कायद्याची जागा नव्या तरतुदींनी घेतली. म्हणजे व्यवस्था नव्या रूपात उभी राहत असण्याचा हा काळ आहे. जुन्या व्यवस्थेचे मूल्यमापन ज्या रीतीने केले गेले तीच रीत नव्या व्यवस्थेला लावावी काय, हा प्रश्न म्हणूनच आज महत्त्वाचा ठरतो.

कायद्याचा हेतू आणि यशाचा निकष

१९५९ च्या कायद्याने मालकावर रिक्त पद कळविण्याचे बंधन घातले. कार्यालयाने पाठविलेल्या उमेदवाराचीच निवड करण्याचे बंधन मात्र घातले नाही. ही गोष्ट कायद्याच्या चौथ्या कलमातच स्पष्ट होती व सर्वोच्च न्यायालयाने १९८७ च्या हरगोपाल खटल्यात तिच्यावर शिक्कामोर्तब केले. पुढे १९९६ च्या विश्वेश्वर राव खटल्यात न्यायालयाने असे म्हटले की, सेवायोजन कार्यालयाकडून नावे मागविण्याबरोबरच वर्तमानपत्रे, आकाशवाणी, सूचनाफलक यांद्वारेही पदांची प्रसिद्धी व्हावी, म्हणजे सर्व पात्र उमेदवारांना संधी मिळेल. थोडक्यात, हा कायदा स्वरूपाने माहितीचा कायदा होता, नोकरी देण्याचा नव्हता.

तथापि मराठीत आपण त्या कार्यालयाला ‘सेवायोजन’ असे नाव दिले. सेवेत योजणे, म्हणजेच नोकरीला लावणे, ही अपेक्षा त्या नावातच होती. जनतेने ती अपेक्षा बाळगली आणि प्रशासनानेही आपले यश त्याच भाषेत मांडले : इतक्यांची नोंदणी, इतकी अधिसूचित पदे, इतक्यांना नोकरी. परिणामी एक चमत्कारिक स्थिती निर्माण झाली. ज्या गोष्टीचा अधिकार कायद्याने कार्यालयाला दिलाच नव्हता तिच्यावरून त्याचे अपयश सिद्ध केले गेले. आणि माहिती देण्याचे जे काम त्याच्याकडे होते त्याचे मूल्यमापन जवळजवळ झालेच नाही. नोंदणीच्या तुलनेत नोकरी मिळालेल्यांचे प्रमाण अल्प आहे, म्हणून ही कार्यालये बंद करावीत, असा युक्तिवाद आपण अनेकदा ऐकतो. त्यातील अंकगणित बरोबर असले तरी प्रश्न चुकीचा आहे. ग्रंथालयाची उपयुक्तता किती वाचक पदवीधर झाले यावरून ठरविण्यासारखाच हा प्रकार होय.

नोंदणीचा आकडा काय सांगतो?

चालू नोंदवहीवरील उमेदवारांची संख्या ही बेरोजगारांची संख्या मानण्याची प्रथा चुकीची आहे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला शिकविले जाते. नोंद असलेली व्यक्ती नोकरीत असू शकते, शिकत असू शकते, आणि बेरोजगार व्यक्ती नोंदणीपासून दूरही असू शकते. डोंबिवलीतील मागच्या पिढीतील अनेक घरांत दहावी-बारावी झाली की ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजमध्ये नाव घालून ये’ असे सांगितले जाई. शासकीय नोकरीसाठी कार्ड हाताशी असावे, एवढाच त्यामागील हेतू असे. कार्डाचे नूतनीकरण होत राही. मनुष्य मात्र एव्हाना एखाद्या बँकेत किंवा खाजगी कंपनीत रुजू झालेला असे.

संकेतस्थळाच्या काळात या आकड्यात आणखी एक भेसळ झाली आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. तीत बारावी उत्तीर्णास दरमहा ६,०००, आय.टी.आय. व पदविकाधारकास ८,००० आणि पदवीधरास १०,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले व त्यासाठी ‘महास्वयं’वर नोंदणी आवश्यक करण्यात आली. योजनेच्या गुणदोषांची चर्चा हा या लेखाचा विषय नाही. परंतु अशा लाभामुळे नोंदणी वाढली तर ती माहितीच्या उपयुक्ततेचा पुरावा कशी ठरेल? शिधापत्रिकांची संख्या वाढली म्हणून धान्याचा दर्जा सुधारला असे आपण म्हणत नाही.

रोजगार मेळाव्यांच्या बाबतीतही हेच घडते. मार्च २०२४ मध्ये ठाण्यात कोकण विभागासाठी ‘नमो महारोजगार मेळावा’ झाला. लहान मेळावे तर वर्षभर होत असतात. मेळाव्यानंतरच्या प्रसिद्धिपत्रकांची एक ठरीव भाषा असते : सहभागी कंपन्या, उपलब्ध पदे, उपस्थित उमेदवार आणि ‘प्राथमिक निवड’. यांतील प्राथमिक निवड हा शब्द फार काही झाकतो. त्यांपैकी नेमणूकपत्र किती जणांना मिळाले, रुजू किती झाले, सहा महिन्यांनी कामावर किती होते, आणि मेळावा झाला नसता तर त्यांतील किती जणांना तेच काम अन्य मार्गाने मिळाले असते, हे प्रश्न त्या भाषेत बसत नाहीत. यांतील शेवटचा प्रश्न सर्वांत कठीण आणि सर्वांत आवश्यक आहे. जे घडले त्याची तुलना जे घडले नसते त्याच्याशी केल्याखेरीज ‘परिणाम’ हा शब्द वापरण्याचा अधिकार प्राप्त होत नाही.

जिल्ह्याची सीमा आणि रेल्वेचा मार्ग

वरील मर्यादा देशभर लागू आहेत. ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या बाबतीत मात्र आणखी एक मूलभूत अडचण आहे. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे अशी रेल्वे धावली व १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली. तेव्हापासून या परिसराचा श्रमबाजार लोहमार्गाने बांधला गेला. आज डोंबिवलीत राहणारी व्यक्ती अंधेरी, वांद्रे-कुर्ला संकुल, फोर्ट किंवा ऐरोली-महापे येथे काम करीत असणे ही सर्वसाधारण गोष्ट आहे. रोजगाराची शासकीय माहिती मात्र जिल्ह्याच्या सीमेत गोळा होते.

याचे परिणाम नीट समजून घेतले पाहिजेत. डोंबिवलीच्या तरुणीची उमेदवार म्हणून नोंद ठाणे जिल्ह्यात होते. तिला मिळू शकणारे पद मुंबई शहर वा उपनगर जिल्ह्यात कळविले जाते. कल्याण-शीळ मार्गाने तळोजा औद्योगिक क्षेत्रात जाणारा कामगार ठाणे जिल्ह्यात राहतो, परंतु त्याची आस्थापना रायगड जिल्ह्यात मोडते. म्हणजे मागणी एका वहीत आणि पुरवठा दुसऱ्या वहीत. अशा दोन संख्यांचे गुणोत्तर काढून ठाणे कार्यालयाची कामगिरी ठरविणे शास्त्रीयदृष्ट्या निरर्थक आहे. त्या कार्यालयाला चांगले म्हटले काय किंवा वाईट म्हटले काय, दोन्ही निष्कर्ष सारखेच निराधार होत.

काळाच्या तुलनेतही हीच अडचण येते. २०११ च्या जनगणनेत १ कोटी १० लाखांहून अधिक लोकसंख्येचा ठाणे हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि तारापूरसारखे मोठे औद्योगिक क्षेत्र त्याच्यासोबत गेले. उरलेल्या सात तालुक्यांत एकीकडे ठाणे, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ ही दाट नागरी वस्ती, भिवंडीचे यंत्रमाग व गोदामे, तर दुसरीकडे मुरबाड व शहापूरचा ग्रामीण-आदिवासी पट्टा आहे. या सर्वांची सरासरी म्हणजे ‘ठाणे जिल्हा’. ही सरासरी डोंबिवलीच्या वाणिज्य पदवीधरालाही उपयोगी नाही आणि शहापूरच्या आय.टी.आय. विद्यार्थ्यालाही नाही.

२०११ च्या जनगणनेत बिगरशेती काम करणाऱ्यांना राहत्या घरापासून कामाच्या ठिकाणाचे अंतर व प्रवासाचे साधन विचारण्यात आले होते. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात जानेवारी २०२५ पासून नमुना निवडीसाठी जिल्हा हा मूळ घटक धरण्यात आला आहे. कुटुंबाच्या दारी जाऊन केलेली ही पाहणी राहण्याच्या ठिकाणावर आधारलेली असते, तर विवरणपत्रे कामाच्या ठिकाणावर. ही दोन्ही साधने एकमेकांशी जोडण्याचा प्रयत्न झाल्यास लोहमार्गाच्या दोन टोकांना असलेली माहिती प्रथमच एकत्र येऊ शकेल. आज मात्र ती वेगवेगळ्या कार्यालयांत वेगवेगळ्या कारणांसाठी पडून आहे.

आस्थापनेच्या वहीबाहेरचे लोक

आस्थापना हा घटक मानून केलेल्या नोंदीत कोण येत नाही, हेही पाहिले पाहिजे. १९५९ च्या कायद्याने घरगुती नोकरी, तीन महिन्यांहून कमी मुदतीचे काम आणि शिपाई, चौकीदार, सफाईगार यांसारखे ‘अकुशल कार्यालयीन काम’ आपल्या कक्षेबाहेर ठेवले होते. खाजगी क्षेत्रात २५ पेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनांवर तर बंधनच नव्हते. डोंबिवलीच्या नव्या गृहसंकुलांत धुणेभांडी व स्वयंपाक करणाऱ्या बाया, कंत्राटावरील सुरक्षारक्षक, सकाळी नाक्यावर उभे राहणारे बांधकाम मजूर, छोट्या वर्कशॉपमधील फिटर आणि अलीकडे घरपोच सेवा देणारे तरुण, एवढ्यांना वगळल्यावर या शहराच्या श्रमबाजाराचे जे चित्र उरते ते त्या शहराचे राहत नाही.

बंद पडलेल्या कारखान्यांचे उदाहरण याहून बोलके आहे. कल्याणजवळील मोहने येथील नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एनआरसी’, २००९ मध्ये बंद पडली. अशा वेळी आस्थापनेवर आधारलेल्या आकडेवारीत इतकेच दिसते की एक आस्थापना व तिची कामगारसंख्या वजा झाली. ते कामगार पुढे कोठे गेले, रिक्षा चालवू लागले की डोंबिवलीच्या रसायन कारखान्यात कंत्राटी झाले, की गावी परतले, हे तीत दिसू शकत नाही. कारण ती वही आस्थापनांची आहे, माणसांची नाही. नेमकी याच माणसांना, वयाच्या पंचेचाळिशीत, माहितीची सर्वाधिक गरज होती.

या उणिवा अज्ञात नव्हत्या. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने २००१ च्या अहवालात रोजगार बाजार माहिती कार्यक्रमाच्या व्याप्तीच्या व प्रतिसादाच्या मर्यादांची दखल घेतली होती. विवरणपत्र न भरल्यास जुन्या कायद्यात पहिल्या अपराधास २५० रुपये व पुढील अपराधास ५०० रुपयांपर्यंत दंड होता. १९५९ मध्ये ही रक्कम जाणवण्याजोगी असेल. अर्धशतकानंतर तिचा धाक उरला नव्हता.

परिणाम कशास म्हणावे?

माहितीच्या अर्थशास्त्राची पायाभरणी करणाऱ्या जॉर्ज स्टिग्लर यांनी १९६२ च्या लेखात श्रमबाजारातील माहितीचा विचार शोधाच्या खर्चाच्या अंगाने केला. काम शोधण्यास वेळ व पैसा लागतो, म्हणून मनुष्य एका टप्प्यावर शोध थांबवितो. माहिती स्वस्त झाली तर तो अधिक चांगल्या कामापर्यंत पोहोचू शकतो. यावरून एक सरळ निकष निघतो : माहितीमुळे कोणाचा कोणता निर्णय बदलला? निर्णय बदलला नसेल तर माहिती दिली गेली, परंतु परिणाम झाला नाही.

असा परिणाम मोजता येतो, हे दाखविणारे अभ्यास उपलब्ध आहेत. रॉबर्ट जेन्सन यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डॉमिनिकन प्रजासत्ताकातील आठवीच्या काही शाळांतील मुलांना शिक्षणानुसार प्रत्यक्ष किती मिळकत होते ते सांगण्यात आले. ज्यांना हे सांगितले गेले त्यांनी पुढील चार वर्षांत इतरांपेक्षा सरासरी ०.२० ते ०.३५ वर्ष अधिक शिक्षण घेतले. त्यांच्याच २०१२ च्या भारतातील अभ्यासात, उत्तर भारतातील निवडक खेड्यांत सेवा क्षेत्रातील नोकरभरतीची माहिती व साहाय्य तरुणींपर्यंत नेण्यात आले. त्या गावांतील तरुणींचे शिक्षण व रोजगार वाढला आणि विवाह लांबणीवर पडले. या दोन्ही ठिकाणी नोंदणी मोजली गेली नाही. माहिती मिळालेल्यांची तुलना न मिळालेल्यांशी केली गेली.

तथापि अशा निष्कर्षांनी हुरळून जाणेही योग्य नाही. फ्रान्समध्ये क्रेपों व सहकाऱ्यांनी केलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, साहाय्य मिळालेल्या तरुणांना नोकरी लवकर मिळाली, परंतु अंशतः ती साहाय्य न मिळालेल्यांच्या वाट्याची होती. पदे तेवढीच असतील तर माहिती केवळ रांगेतील क्रम बदलते. ठाण्यातील मूल्यमापनातही हा प्रश्न विचारावा लागेल.

दुसरी मर्यादा आपल्या समाजरचनेची आहे. मुन्शी व रोझेन्झ्वाइग यांच्या २००६ च्या अभ्यासाचे क्षेत्र दादर होते. मराठी भाषक कुटुंबे मुलांना मराठी की इंग्रजी माध्यमात घालतात, याचा तो अभ्यास होय. कामगारवर्गीय व्यवसायांत जातीची व ओळखीची जाळी मुलांना नोकरी मिळवून देत असल्यामुळे नव्या अर्थव्यवस्थेत इंग्रजी शिक्षणाचा लाभ वाढल्यावरही ही मुले जुन्याच वाटेने जात राहिली; ज्यांना त्या जाळ्यांचा लाभ कधी मिळाला नव्हता त्या मुली मात्र इंग्रजी माध्यमाकडे वळल्या. ‘आपल्या माणसाने’ दिलेल्या माहितीला नोकरीची हमी चिकटलेली असते. शासकीय संकेतस्थळाच्या माहितीला ती नसते. म्हणून माहिती उपलब्ध आहे एवढ्याने ती विश्वसनीय ठरत नाही. याचाच दुसरा अर्थ असा की, ज्यांच्यामागे ओळखीचे जाळे नाही त्यांच्यासाठी सार्वजनिक माहितीचे मोल सर्वाधिक असते. त्यामुळे मूल्यमापनात सरासरी लाभाबरोबर लाभ कोणाला झाला हेही तपासले पाहिजे.

महाविद्यालयांचे उत्तरदायित्व

येथवर टीकेचा रोख शासकीय यंत्रणेकडे होता. तो आपल्याकडे वळविल्याखेरीज ही चिकित्सा प्रामाणिक ठरणार नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात आपल्या परिसरातील महाविद्यालयांनी बी.एम.एस., बी.एस्सी. आय.टी., बँकिंग व इन्शुरन्स असे स्वयंअर्थसाहाय्यित अभ्यासक्रम मोठ्या संख्येने सुरू केले. तुकड्या वाढविताना जिल्हा कार्यालयाची आकडेवारी मागविल्याची उदाहरणे शोधावी लागतील. शेजारच्या महाविद्यालयात प्रवेश भरले, एवढाच पुरावा आपल्याला पुरेसा वाटला. म्हणजे ‘स्कोप’चा निर्णय आपणही ऐकीव माहितीवरच घेतला.

नॅकच्या पाचव्या निकषात विद्यार्थ्यांच्या प्रगतीची, म्हणजे नोकरी व उच्च शिक्षणाची माहिती आपण देतो. ही माहिती जमविण्याची रीत आपणांस परिचित आहे. भेटीच्या मुदतीआधी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर संदेश जातो, जे विद्यार्थी उत्तर देतात त्यांची नेमणूकपत्रे गोळा होतात, ज्यांचे उत्तर येत नाही त्यांचा विषय तेथेच संपतो. यात उत्तर न देणारे हेच बहुधा नोकरी न मिळालेले असतात, ही साधी सांख्यिकीय शंका आपण स्वतःच्या अहवालाबाबत उपस्थित करीत नाही. मेळाव्यातील ‘प्राथमिक निवड’ आणि आपल्या अहवालातील ‘प्लेसमेंट’ यांत तत्त्वतः फरक नाही.

यात नुकसान होते ते विद्यार्थ्याचे. कर्ज काढून शुल्क भरणाऱ्या कुटुंबाची तीन वर्षे आपल्या एका उत्तरावर खर्च होतात. ते उत्तर चुकले तर त्याची नोंद शासनाच्या वहीत होत नाही आणि महाविद्यालयाच्याही होत नाही.

मूल्यमापनाची शक्य रीत

जिल्हा कार्यालयांतील अपुरे मनुष्यबळ पाहता मोठ्या खर्चाचे अभ्यास सुचविणे व्यवहार्य नाही, असा आक्षेप घेतला जाईल व तो रास्त आहे. मोजता येण्याजोगे तेच मोजले जाते, ही प्रशासनाची अडचण समजून घेतली पाहिजे. तरीही उपलब्ध साधनांत पुढील गोष्टी शक्य वाटतात.

पहिली गोष्ट, मूल्यमापनाचे क्षेत्र जिल्हा न धरता ठाणे, मुंबईचे दोन्ही जिल्हे, रायगड व पालघर मिळून होणारा रोजच्या प्रवासाचा प्रदेश धरावा. उमेदवाराची नोंद व कळविलेले पद यांत राहण्याचे व कामाचे असे दोन्ही पत्ते पिनकोडसह नोंदविल्यास नवा खर्च फारसा येणार नाही.

दुसरी गोष्ट, कळविलेल्या प्रत्येक पदाचा देऊ केलेला पगार आणि ते पद भरले की नाही, केव्हा भरले, हे प्रसिद्ध व्हावे. पगाराविना जाहीर झालेले पद ही अर्धवट माहिती होय.

तिसरी गोष्ट तुलनेची. या परिसरातील महाविद्यालयांच्या प्रथम वर्षाच्या वर्गांना रोजगार व पगाराची माहिती देण्याचा कार्यक्रम आखल्यास तो सर्वत्र एकाच वेळी सुरू न करता चिठ्ठ्या टाकून काही महाविद्यालयांत या वर्षी व उरलेल्यांत पुढील वर्षी सुरू करावा. कोणालाही वंचित न ठेवता मधल्या वर्षात तुलना करता येईल. विषयनिवड, अर्ज कोठे केले, पहिल्या नोकरीचा पगार यांत फरक पडला का, हे त्यातून कळेल. फरक न आढळल्यास तेही प्रसिद्ध करण्याची तयारी असावी.

चौथी गोष्ट सर्वस्वी आपल्या हाती आहे. प्रत्येक महाविद्यालयाने उत्तीर्ण विद्यार्थ्यांपैकी थोड्यांची पण यादृच्छिक निवड करून दोन वर्षांनी त्यांच्यापर्यंत पोहोचावे आणि जे सापडले नाहीत त्यांची संख्याही छापावी. सर्वांना संदेश पाठवून मिळालेल्या शंभर उत्तरांपेक्षा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या व पाठपुरावा केलेल्या चाळीस जणांची माहिती अधिक विश्वसनीय असते, हे आपण वर्गात शिकवितोच.

निष्कर्ष

सार्वजनिक खर्चाने चालणाऱ्या रोजगार-माहितीचे यश किंवा अपयश ठामपणे सांगण्याच्या स्थितीत आज आपण नाही, कारण आपण ते मोजलेलेच नाही. जे मोजले ती नोंदणी होती, उपस्थिती होती, प्राथमिक निवड होती. ठाणे व कल्याण-डोंबिवलीसारख्या, राहणे एका जिल्ह्यात व काम दुसऱ्या जिल्ह्यात असलेल्या प्रदेशात तर हे आकडे परस्परांशी जोडताही येत नाहीत. नव्या संहितेने व्याप्ती वाढविली आहे. परंतु जुनेच निकष कायम राहिले तर आणखी काही वर्षांनी करिअर केंद्रांवरही तोच आक्षेप घेतला जाईल जो सेवायोजन कार्यालयांवर घेतला गेला, आणि तोही तितकाच अपुरा असेल.

पुढील जून महिन्यात तोच प्रश्न पुन्हा विचारला जाईल. त्या वेळी आपल्या हाती निदान आपल्या महाविद्यालयातून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या चाळीस विद्यार्थ्यांची खरी हकिकत असावी. ती फारशी आशादायक नसली तरी समोर बसलेल्या पालकाला ती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे.